पाठीतला गारठा

माझ्या हातांसारखे हात गावात दुसरे नाहीत, असं मी म्हणत नाही, बायका म्हणतात. एकतीस वर्षं झाली मला या हमामात. हरजा म्हणतात आम्हाला. खरखरीत हातमोजा चढवायचा आणि बायकांचं अंग घासून मळाच्या वळ्या काढायच्या, हे आमचं काम. पण माझ्याकडे बायका नुसत्या घासून घ्यायला येत नाहीत. पाठीत गारठा शिरला की आमच्याकडे डॉक्टरकडे कोण जातं? मब्रूकाकडे येतात. गरम दगडावर पालथं पाडायचं, खांद्याच्या पात्यांमध्ये अंगठे रोवायचे आणि गारठा बाहेर पडेपर्यंत सोडायचं नाही. घमेंड होती मला या हातांची. खोटं कशाला बोलू?

त्या गुरुवारी इन्साफचा नवरीचा हमाम होता. रविवारी लग्न. सबंध दुपार तिच्या घरच्यांनी घेतलेली, बाहेरची एकही बाई आत नाही. वीस-बावीस बायका, संत्र्यांच्या टोपल्या, उकडलेली अंडी, खजुराच्या वड्या, आणि गाणी अशी की भट्टीवाल्यानं खालून भिंत ठोकली. दारावर पडदा टांगलेला. आमच्याकडे हमामाच्या दारावर पडदा दिसला की आत बायका आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग प्रत्यक्ष गव्हर्नर आला तरी तो बाहेरच उभा राहणार.

इन्साफ ही लल्ला वसीलाची एकुलती एक पोर. वसीला म्हणजे शाळेतल्या बाई. अर्ध्या गावाला तिनंच अक्षरं गिरवायला लावलीत. नवरा गेला तेव्हा पोर चार वर्षांची होती, तिथून एकटीनं वाढवलं. चोवीस वर्षं दर गुरुवारी माझ्या दगडावर येते. तिला मानानं लल्लाही म्हणायचं आणि अगंतुगंही करायचं, असं आमचं आहे.

त्या दिवशी सगळ्या मधल्या खोलीत नवरीभोवती टाळ्या पिटत होत्या. वसीला एकटीच उठून आत गरम खोलीत माझ्याकडे आली. छातीपासून फूता, म्हणजे सुती पंचा, गुंडाळलेला, चालणं जड.

"मब्रूका, पाठ बघ गं जरा. गारठा बसलाय."

"कुठे?"

"इथे मध्ये, दोन्ही पात्यांच्या. आणि हा जबडा बघ, दाढ ठणकते तसा ठणकतोय."

"दाढा राहिल्यात कुठे तुला?"

"तुझ्यापेक्षा दोन जास्तच आहेत, मेले." हसली. पण अर्धंच हसली. "पहाटेच्या नमाजाला उठले तेव्हापासून आहे हे. जातं, येतं. मळमळतंय पण."

"रात्रभर मिठाया करत बसलात ना खिडक्या उघड्या टाकून? मग गारठा शिरणार नाही तर काय होणार?"

"तेच म्हणतेय मी. ऐक, इन्साफला सांगू नकोस. तिला कळलं तर लग्नबिग्न सोडून मला दवाखान्यात नेऊन बसवेल. नवऱ्याकडची माणसं काय म्हणतील? सांगणार नाहीस ना? शप्पथ?"

"शप्पथ. आता पालथी पड मुकाट्यानं."

पडली. मी बादलीभर कढत पाणी तिच्या पाठीवर ओतलं आणि अंगठे रोवले. पाठ दगडासारखी ताठ होती. मी म्हटलं, बाई गं, चांगलाच मुरलाय. जीव लावून चोळलं. वीस मिनिटं तरी चोळलं असेल. घामानं ती भिजली होती. गरम खोलीत घाम सगळ्यांनाच येतो, त्यात काय मोठंसं? पण तिचा घाम गार होता. माझ्या हाताला तो गार लागला, हे मला लख्ख आठवतंय. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बघ लल्ला, निघाला बाहेर. हाताला लागतोय गारठा."

कपाळ माझं.

ती उठून बसली. "हलकं वाटतंय गं," म्हणाली. "चल, पोरीला ओवाळू." एक पाय खाली टेकवला, माझ्याकडे बघितलं, आणि बघता बघता तिचे डोळे दुसरीकडेच कुठेतरी गेले. दगडावरून ती अशी घसरली की मला धरताही आलं नाही.

मी ओरडले तशा सगळ्या धावत आल्या. "वाफ लागली! वाफ लागली तिला!" आमच्याकडे हमामात बाई पडली की एवढंच म्हणतात. वाफ लागते, संत्र्याच्या फुलांचं पाणी तोंडावर मारतात, कांदा फोडून नाकाला लावतात, आणि बाई उठून बसते, लाजते, सगळ्या हसतात. मी शंभर वेळा बघितलंय. एकीनं पाणी मारलं. दुसरी गालावर चापट्या मारायला लागली. वसीलानं तोंड उघडून घर्रकन हवा ओढली, आणि सगळ्या म्हणाल्या, "घेतेय, घेतेय श्वास! अल्लाचे उपकार!"

त्या घर्र आवाजानं माझं डोकं ठिकाणावर आलं.

झालं होतं असं की या हिवाळ्यात शेजारच्या गावच्या हमामात एक बाई वारली. मग रेड क्रेसेंटवाल्यांनी आजूबाजूच्या सगळ्या हरजांना बोलावून दोन दिवस शिकवलं. मी जाणार नव्हते. आमची मालकीण सलूहा, जी दारावर बसून पैसे घेते, तिनं मला ढकलत नेलं. शिकवायला सिहेम नावाची नर्स होती, काडीसारखी बारीक, पण जीभ चाकूसारखी. तिनं खाटकाकडून मेंढीचं काळीज आणलं, म्हणजे हृदय हो, आणि आमच्यासमोर टेबलावर उभं चिरलं. म्हणाली, बघा बायांनो, तुमच्या हमामासारखंच आहे. खोल्या आहेत. वर दोन लहान, खाली दोन मोठ्या. मध्ये दारं, आणि ही दारं एकाच बाजूला उघडतात, रक्त पुढे जाईल, मागे फिरणार नाही. उजवीकडच्या खोल्या वापरलेलं रक्त फुफ्फुसात धाडतात. डावीकडची खालची खोली ताजं रक्त अंगभर फेकते. म्हणून हिची भिंत बघा केवढी जाड. मग तिनं काळजाच्या बाहेरून गेलेल्या बारीक नसा नखानं दाखवल्या. म्हणाली, गावाला पाणी पुरवणाऱ्यालाही स्वतःला प्यायला पाणी लागतंच, तसं काळजाला स्वतःला रक्त देणाऱ्या या नसा. यातली एक बुजली की तिच्यापुढचं मांस मरायला लागतं. मग कधीकधी काळीज आपलं ठोके देणं विसरतं आणि नुसतं थरथरत बसतं. थरथरतं, पण रक्त पुढे टाकत नाही. माणूस पडतो. एकदोनदा मासळीसारखं तोंड उघडतो. तो श्वास नव्हे! त्याला श्वास समजलात तर माणूस गेला.

मी मागच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. पण हे ऐकलं होतं.

"बाजूला व्हा!" मी ओरडले. "वाफ नाहीये ही! हात लावू नका तिला, कांदेबिंदे नकोत!" तिचे खांदे गदागदा हलवले. लल्ला! लल्ला! काही नाही. छातीकडे बघत दहापर्यंत मोजलं. छाती हलेना.

"कोणीतरी सलूहाला सांगा, अँब्युलन्सला फोन लाव म्हणावं! काळीज थांबलंय म्हणून सांग, बाई पडलीय म्हणू नकोस! आणि ते विजेचा झटका देणारं यंत्र घेऊन या म्हणावं!"

गरम खोलीत साबणपाणी वाहत होतं, गुडघे टेकले की घसरत होते. चौघींना मी फूत्याची टोकं धरायला लावली आणि आम्ही वसीलाला ओढत बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत आणलं. तिथली फरशी कोरडी आणि टणक. मी तिच्या बाजूला गुडघे टेकले, छातीच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा, कोपर ताठ, आणि दाबायला लागले.

सिहेमच्या वर्गात रबराची बाहुली होती. ती दाबताना आम्ही खिदळलो होतो. इथे तिसऱ्या-चौथ्या दाबाला वसीलाच्या बरगडीतून कट् असा आवाज आला. पण सिहेम म्हणाली होती, बरगडी मोडेल, मोडू दे. मोडलेली बरगडी जुळते. मी दाबत राहिले. तीन बोटं खाली जायला हवं, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर काळजात रक्त भरणार कसं? मिनिटाला शंभराच्या वर. मी मोठ्यानं मोजत होते.

तेवढ्यात इन्साफ आली. तिच्या डोक्याला वेणीत विणायच्या रेशमी फिती अर्ध्याच बांधलेल्या. आईला बघितलं. तशीच उभी राहिली, तोंडावर हात.

"इन्साफ! इकडे ये, माझ्यासमोर बस! माझे हात बघ. कसे जातायत, किती खोल, बघतेयस ना? माझे दंड गेले की तुला करायचंय."

"मला नाही येत खाला! मी आईला... मला नाही येत!"

"कोणाला येतं? बघ म्हणतेय ना! तिचं काळीज थांबलंय, आता आपले हात हेच तिचं काळीज आहेत. थांबले की मेंदूला रक्त नाही. कळतंय?"

मान हलवली तिनं. दोन मिनिटांत माझे एकतीस वर्षांचे दंड लटपटायला लागले. गमजा मारत होते मी त्यांच्या! "तीन म्हटलं की तू. एक, दोन, तीन!" मी हात काढले, पोरीनं ठेवले. पहिले चार दाब वरवरचे. "जोरात! दुखत नाही तिला! जोरात, इन्साफ!" मग तिचे हात बरोबर खाली जायला लागले. रडत होती, मोजत होती, आकडे चुकत होती, पण हात चुकत नव्हते. अशा आम्ही आळीपाळीनं तीनदा बदललो. बाकीच्या बायका भिंतीला टेकून दुआ पुटपुटत होत्या. वसीलाचे ओठ निळे पडले होते आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बाहेर गाडीचा आवाज आला. पुरुषांचे आवाज आले. आणि सलूहाचा आवाज आला, "थांबा! थांबा तिथेच! आत बायका उघड्या आहेत!"

झालं. एकदम पळापळ. कोणी झगा शोधतंय, कोणी चादर, कोणी दुसरीचाच कोट डोक्यावर घेतंय. इन्साफची आत्या वसीलाचा लांब झगा घेऊन धावत आली आणि इन्साफचा हात धरला. "थांब गं! आधी हिला कपडे घालूया. उचला हिला, हात आत घाला. माझ्या भावाची बायको परक्या पुरुषांसमोर अशी पडून राहणार नाही."

खरं सांगते, तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. वसीला भर उन्हाळ्यातही दंड झाकणारी बाई. हमामात बायकांमध्येसुद्धा छातीवरचा फूता न सोडणारी. मी चोवीस वर्षं तिला तो सैल करायला सांगतेय. आणि आता तो फूता खाली सरकलेला, छाती उघडी, मधोमध माझ्या हातांचा लाल वळ. तिला शुद्ध असती तर तिनं मला ठार मारलं असतं.

इन्साफनं दाबता दाबता माझ्याकडे बघितलं. "खाला, थांबवू हात? घालू झगा?"

"थांबवलास तर तो झगा घालून पुरावं लागेल हिला!"

आत्यानं मला शिवी दिली. ती मी सांगत नाही. इन्साफचे हात थांबले नाहीत. तिनं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गरीब पोरीचा एवढा मोठा आवाज ऐकला. "सलूहा खाला! पडदा काढ! आत येऊ दे त्यांना!"

सलूहा जागची हलेना. एकतीस वर्षांत तिनं बायकांच्या वेळेला तो पडदा काढलेला मी बघितला नाही.

"पडदा काढ, माझी आई मरतेय!"

काढला. आणि मग कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही, पण मघाशी दुआ पुटपुटणाऱ्या बायका पुढे झाल्या. हाताला लागतील ते फूते, चादरी, टॉवेल धरून वसीलाभोवती गोल उभ्या राहिल्या, तोंडं बाहेर, पाठी आत. आत्याही उभी राहिली, हातात तोच झगा पसरून. त्या भिंतीतून दोन माणसांना आत घेतलं आणि परत मिटून घेतलं.

त्यातला मोठा खाली वाकला आणि एक क्षण तसाच राहिला. "बाई?" म्हणाला. "या तर आमच्या बाई." मग लगेच ओठ दाबले आणि कामाला लागला. "दाबत राहा ताई, थांबू नका. छाती ओली आहे, पुसा!" मी माझ्या डोक्याचा रुमाल ओढून तिची छाती कोरडी केली. त्यानं एक पट्टी उजव्या खांद्याखाली चिकटवली, दुसरी डाव्या काखेखाली. "हात काढा. कोणी शिवू नका." यंत्रातून बाईचा आवाज आला, झटका द्या म्हणून. वसीलाचं अंग उडालं. इन्साफच्या घशातून हुंदका फुटला. "दाबा लगेच," तो म्हणाला, "वाट बघायची नाही." आता दुसरा माणूस दाबत होता. दोन मिनिटं. पुन्हा झटका. पुन्हा दोन मिनिटं दाबायला सुरुवात झाली, आणि अर्ध्यातच वसीलानं हात हलवला. त्याचा हात ढकलल्यासारखा केला. त्यानं गळ्याला बोटं लावली.

"आहे," म्हणाला. "चालू आहे."

त्या वेळी बायकांनी काय केलं ते मला माहीत नाही. मी फरशीवर पालथी पडून लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडत होते.

दवाखान्यात मी ओल्या कपड्यांवर कोणाचा तरी कोट घालून गेले. इन्साफनं माझा हात सोडलाच नव्हता. गाडीतही नाही, तिथल्या बाकावरही नाही. मध्येच वाकून माझ्या हातांचे मुके घ्यायची. "खाला, हे हात नसते तर... आयुष्यभर विसरणार नाही मी. तू माझी दुसरी आई आहेस." मागे आत्या, तिनं तर माझ्या कपाळाचा मुका घेतला, आणि मघाची शिवी परत घेते म्हणाली. बाहेर अजून बायका जमल्या होत्या. मब्रूकानं मेलेलीला उठवलं, असं गावभर झालंही होतं. आणि मला ते आवडत होतं. हो, आवडत होतं. पण आत कुठेतरी सिहेमचा आवाज चालू झाला होता, आणि मी तो ऐकायचा नाही म्हणून इन्साफचा हात घट्ट दाबत होते.

बायकांना छातीत कळ येईलच असं नाही, म्हणाली होती सिहेम. कधी जबडा, कधी पाठ, पात्यांच्या मध्ये. मळमळ. गार घाम. हरजांनो, तुमच्याकडेच येतील त्या, गारठा म्हणून. चोळत बसू नका. कामं थांबवायची, गरम खोलीतून बाहेर काढायचं, अर्ध्या आडव्या बसवायच्या आणि फोन लावायचा. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती, कारण बियांचा आवाज येत होता.

तरुण डॉक्टर बाहेर आला. हातात पट्टीवर काढलेला आलेख. "काळजाला रक्त देणारी मोठी नस बुजलीय," म्हणाला. "गुठळी आहे. ती विरघळवायचं औषध आपल्याकडे आहे, आत्ता देता येईल. पण छाती इतकी दाबलीय, बरगड्या मोडल्यात, या औषधानं आत रक्तस्राव व्हायची भीती आहे. गुठळी ताजी असेल तर मी हा धोका पत्करीन, कारण फायदा मोठा आहे. जुनी झाली असेल तर औषध तिला भेदत नाही, नुसता धोका उरतो. मग सरळ सूस शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि नळी घालून नस उघडायची. तासाचा रस्ता आहे. म्हणून मला नीट सांगा. दुखायला कधी लागलं?"

"दुखत नव्हतं," इन्साफ म्हणाली. "अचानक पडली. दीड वाजता. त्याआधी टाळ्या वाजवत होती, आम्ही सगळ्यांनी बघितलंय."

"म्हणजे दीड तासही झाला नाही." डॉक्टर वळला. "औषध तयार करा."

आतल्या नर्सनं कपाटातून कुपी काढली. काचेच्या दारातून मला ती दिसत होती. कुपी हलवली, सुई लावली. बोलले तर काय होणार होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या हातातला हा हात जाणार. कपाळावरचा मुका जाणार. गावात उद्यापासून कोणी पाठ माझ्या दगडावर टाकणार नाही. आणि नाही बोलले तर? कदाचित औषध लागूही पडेल. डॉक्टरला थोडंच कळणार आहे? वसीला सांगेल, पण ती शुद्धीवर येईल तेव्हा. शुद्धीवर आलीच तर.

"पहाटेपासून," मी म्हटलं.

डॉक्टर थांबला. "काय?"

"पहाटेच्या नमाजापासून दुखत होतं तिला. पाचपासून. पाठीत, जबड्यात. येत होतं, जात होतं. मळमळत होतं. घाम गार होता. ते औषध देऊ नका."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला सांगितलं तिनं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"चोळलं. मला वाटलं गारठा आहे. गरम खोलीत वीस मिनिटं चोळलं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "ते ठेवा," नर्सला म्हणाला, "सूसला फोन लावा, नऊ-दहा तास झालेत म्हणून सांगा. गाडी दारात घ्या." आणि आत गेला.

इन्साफचा हात माझ्या हातात होता. मग नव्हता.

"तुला माहीत होतं?" हळूच म्हणाली ती. "सकाळपासून दुखतंय हे तुला माहीत होतं, आणि आम्ही तिथे गाणी म्हणत होतो? मी पलीकडच्या खोलीत होते, खाला. दहा पावलांवर. मला का नाही सांगितलंस?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. तुझ्या आईनं शप्पथ घातली. तुझं लग्न मोडू नये म्हणून. तुझ्या सासरचे काय म्हणतील म्हणून. एवढं बोलले असते की सुटले असते मी. पण मग हे त्या पोरीच्या गळ्यात पडलं असतं. प्रत्येक लग्नाच्या वाढदिवसाला, प्रत्येक बाळाच्या वेळी तिला वाटलं असतं, माझ्यासाठी गप्प बसली आई.

"मला काही विशेष वाटलं नाही," मी म्हटलं. "म्हणून नाही सांगितलं."

तिनं माझ्याकडे जे बघितलं ते बघणं मी कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणते. स्ट्रेचर आलं. मी गाडीकडे दोन पावलं टाकली तर आत्यानं हात आडवा घातला. गाडी गेली. मी पायी घरी आले.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला.

"नस उघडली," इन्साफ म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आत जाळीची नळी बसवलीय. डॉक्टर म्हणाले, इथे ते औषध दिलं असतं तर रस्त्यातच... बरं झालं म्हणाले, कोणीतरी खरं सांगितलं."

"बोलते का ती?"

"बोलली. पाणी मागितलं. माझं नाव घेतलं."

मी भिंतीला टेकले.

"लग्न महिनाभर पुढे ढकललंय," ती म्हणाली. "खाला, तू येऊ नकोस. लग्नालाही नको, घरीही नको. मला जमायचं नाही तुझ्याकडे बघायला. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मी वाईट वागतेय का?"

"नाही गं पोरी," मी म्हटलं. "तू आत जा, आईजवळ बस. तिला उठून बसू देऊ नकोस, हट्टी आहे ती."

तिनं फोन ठेवला. मी माझा ठेवला नाही. बऱ्याच वेळानं शेजारीण आली आणि माझ्या हातातून तिनं तो काढून घेतला.